भिंतीतला प्लास्टिकचा एल्बो

खारपाण पट्ट्यात प्लंबरचं अर्धं काम क्षारांशीच असतं. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात बोअरचं पाणी घरात फिरवलं, की काही वर्षांत कॉकच्या आट्यांत पांढरा दगडी थर धरतो. मग कॉक सोडवायला जोर लागतो. तो जोर आत कुठे जाऊन बसतो, ते भिंतीबाहेरून दिसत नाही. दर्यापूरजवळच्या एका गावातलं काम त्यामुळेच अजून डोक्यातून जात नाही.

घर शेतकऱ्याचं. संक्रांतीला आलेला मुलगा सुटी संपल्यावर घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करत होता. बाथरूममधला अँगल कॉक ठिबकत होता. त्याने व्हिडिओ पाहिले, नवा कॉक, टेफलॉन टेप आणि पाना आणला आणि स्वतः बदलला. ठिबकणं थांबलं. काही दिवसांनी त्याच भिंतीपलीकडच्या खोलीत भरलेला कापूस खालून ओला निघाला.

मी पोहोचलो तेव्हा काकू अंगणात पिवळे पडलेले गोळे वेगळे करत होत्या. काका मला पाहताच म्हणाले, "मिस्तरी, या पोट्ट्यानं घर बुडोलं माह्यं. नयाले हात लावाले कोनं सांगतलं होतं याले?" पोरगा बाजूला उभा होता, एक शब्द बोलला नाही. भाव वाढेल म्हणून राखलेला कापूस होता तो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ८ ते १२ टक्के ओलावा चालतो, त्याच्या वर गेला की गाडी परत. कोणाचाही तोल जाईल.

ओल दिसली की लोक आधी टाइल्स फोडायला निघतात. मी तसं करत नाही. आधी टाकीचा वॉल्व्ह बंद केला, मोरीच्या जाळीत रंग टाकून बादल्यांनी पाणी ओतलं आणि वाट पाहिली. पलीकडे रंग उतरला नाही, म्हणजे सांडपाण्याचा पाइप ठीक. राहिला पुरवठ्याचा पाइप. टाकी कॉकपासून साधारण १० फूट उंच, म्हणजे दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो. इतक्या दाबावर केसाएवढ्या तड्यातून पाणी उडत नाही, आवाजही येत नाही. ते गुपचूप विटेत मुरतं आणि जिकडे वाट मिळेल तिकडे निघतं.

कॉक काढून आधी टेप पाहिली. आट्यांच्या दिशेने, ताणून, एकसारखी गुंडाळलेली होती आणि पहिला आटा मोकळा सोडलेला. माझ्या हाताखाली शिकायला आलेली पोरंही इतकं नीट काम करत नाहीत. मग छन्नीने टाइल काढली आणि खरं कारण समोर आलं. भिंतीत साध्या प्लास्टिकच्या आट्यांचा एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा काटकोनी जोड होता आणि त्याच्या तोंडावर उभा तडा गेलेला.

जिथे धातूचा कॉक बसणार, तिथे भिंतीत पितळी आट्यांचाच एल्बो हवा. धातूचे निमुळते आटे प्लास्टिकात घट्ट करत नेले की ते पाचरीचं काम करतात, प्लास्टिक आतून फाकत जातं. त्यात क्षारांनी जाम झालेला कॉक सोडवताना सगळा पीळ त्या एल्बोवर आला. पितळी एल्बो प्लास्टिकच्या कितीतरी पट महाग पडतो, म्हणून दर बाथरूममागे ठोक रक्कम घेणारा फिटर नेमका तिथे हात आखडतो. प्लास्टर चढलं की कोण पाहतंय! प्लास्टर करण्याआधी टेस्ट पंप लावून, म्हणजे पाइपात दाब भरून, लाइन तपासा, असं मी दर ठिकाणी सांगतो. आमच्याकडे चार हजारांच्या टाइलसाठी माणूस अमरावतीला दोन चकरा मारतो, पण लाइन तपासायला एक दिवस द्यायला तयार नसतो.

टाकीचा वॉल्व्ह जुना, पूर्ण बंद होत नव्हता. पाइपातून थेंब येत राहिला तर सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे प्लास्टिक पाइप जोडायचा गोंद, धरत नाही. मुलाला पानटपरीवरून ब्रेड आणायला लावला. मऊ भागाचा गोळा पाइपात सरकवला की थोडा वेळ पाणी अडतं. नंतर तो भिजून वाहून जातो, फक्त नळाची जाळी आधी काढून ठेवायची. पाइप पुसून कोरडा केला, दोन्हीकडे सिमेंट लावलं, एल्बो तळापर्यंत ढकलून पाव फेरा फिरवला आणि ३० सेकंद दाबून धरला. लगेच सोडला तर निमुळत्या सॉकेटमधून पाइप मागे सरकतो. घाईची कामं इथेच गळतात. रात्रभर पाणी सोडू नका म्हटलं, आणि त्या घराने ऐकलं.

फुटका एल्बो काकांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. पोराचं काम चोख होतं, हेही सांगितलं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मंग यानं हात लावला नसता तं फुटला नसता ना?"

याच प्रश्नाशी मी अजून अडलो आहे. कॉक ठिबकत होता, आज ना उद्या कोणीतरी पाना लावणारच होतं. मला बोलावलं असतं तर? कॉक जागेवर असताना आत पितळ आहे की प्लास्टिक, हे बाहेरून मलाही कळलं नसतं. तोच एल्बो माझ्या हाताखाली फुटला असता आणि बोल मला लागला असता. ज्याने तो बसवला त्याचं नाव मात्र त्या दिवशी कोणीच काढलं नाही. तो आजही पैसे घेऊन नवीन घरांची कामं करतो आहे.

त्याच भिंतीत गिझरचे दोन पॉइंट आहेत, त्याच फिटरने, त्याच वेळी केलेले. तेही उघडून पाहू म्हटलं. मुलगा तयार होता. काका म्हणाले, "कापूस इकला का पाहू." तोवर त्या कॉकना कोणी पाना लावायचा नाही, एवढं कबूल करून घेतलं आणि उरलेला कापूस त्या भिंतीपासून हलवायला लावला.