लातूर ते ब्विंडी: गोरिलांसोबत एक तास

लातूरहून मुंबई, तिथून विमानाने युगांडातलं एन्टेबे आणि पुढे गाडीने जवळजवळ दहा तास. ताई, दाजी आणि मी जानेवारीत ब्विंडीच्या जंगलात जाऊन आलो. ऐन हुरड्यात घर सोडणं जिवावर आलं होतं, पण डिसेंबर ते फेब्रुवारी आणि जून ते ऑगस्ट हेच तिथले त्यातल्या त्यात कोरडे महिने.

आदल्या रात्री दाजींना सर्दी झाली. आपला साधा सर्दी-खोकला गोरिलांना लागतो आणि त्यांच्या जिवावर बेतू शकतो. पहाडी गोरिला जगात हजाराच्या जरासे वर. २०१८च्या गणनेत ब्विंडी भागात ४५९ होते. परवान्याचे माणशी ८०० डॉलर भरलेले, तरी दाजी आपणहून म्हणाले, "तुम्ही दोघं जा, मी थांबतो." मला त्यांचा फार अभिमान वाटला. गोळी घेऊन खोकला दाबून कुणीही जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. येडशीच्या रामलिंगला माकडांना हातानं शेंगदाणे देणारी माणसं आपण. इथं तोंडाला मास्क आणि मध्ये दहा मीटर अंतर, हे मनावर घेऊनच निघा.

सकाळी सगळे नियम सांगितले आणि आठ जणांची तुकडी निघाली. माग काढणारे पहाटेच पुढे गेलेले असतात. गोरिला रोज संध्याकाळी फांद्या-पाला वाकवून नवं अंथरूण करतात, त्यामुळे कालच्या अंथरुणापासून माग सुरू होतो. अडीच तास चढ, चिखल, खाजकुयलीसारखी आग करणारी झुडपं. मग वाटाड्यानं घसा खाकरल्यासारखा खोल, मऊ आवाज काढला. बैलाजवळ जाताना आपण काहीतरी बोलत जातो ना, तसा. झाडीतून तसंच उत्तर आलं.

पाठ रुपेरी झालेला नर बसून देठ सोलत होता. उसाचं कांडं सोलावं तसं दातानं साल ओढायची, आतला गर खायचा, साल बाजूला टाकायची. नखं अगदी आपल्यासारखी, कडेला माती साचलेली. मागं एक मादी, तिच्या पाठीवर पिल्लू. साडेआठ महिन्यांचं गरोदरपण, मग तीन-चार वर्षं पिल्लाला अंगावर पाजणं. म्हणून चार वर्षांत जेमतेम एक पिल्लू. एक पिल्लू दगावलं तर काय जातं, ते तिथं उभं राहिल्यावर कळलं. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. तास भरला, आम्ही वळलो.

आता तयारीचं. आपल्या सपाट मुलखातल्या गुडघ्यांना उताराची सवय नसते. महिनाभर आधीपासून दौलताबादचा किल्ला चार-सहा वेळा चढा-उतरा. पँट मोज्यात खोचा, जाड हातमोजे न्या, बागकामाचे चालतात. पोर्टर जरूर घ्या, साधारण २० डॉलर. पैसे त्याच गावात राहतात आणि घसरड्या जागी त्याचा हात लागतोच. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाटेत खा, गोरिलांजवळ पिशवीसुद्धा न्यायची नाही. फ्लॅश बंद ठेवा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. परवाना काही महिने आधी काढा आणि तो ब्विंडीच्या कुठल्या भागाचा आहे ते पाहूनच मुक्काम ठरवा. बुहोमा आणि रुशागा यांच्यात रस्त्यानं बरेच तास जातात.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी हवी. तिचं प्रमाणपत्र पासपोर्टसोबतच ठेवा, परत येताना आपल्या विमानतळावरही लागतं.