फणसाच्या झाडावरची ‘बुरशी’ काढायला गेलो होतो

माझं काम झाडांचं. नाशकात बंगले-सोसायट्यांची झाडं छाटणं, वाळवी बघणं, पावसाळ्याआधी धोक्याच्या फांद्या उतरवणं. मागच्या जूनमध्ये गंगापूर रोडच्या एका बंगल्यातून फोन आला, फणसाला बुरशी लागलीये, येऊन काढून टाका.

गेलो तर खोडावर छातीच्या उंचीला घोड्याच्या खुरासारखं एक काळपट तपकिरी काहीतरी चिकटलेलं, वरून भेगाळलेलं, खालून पिवळट तपकिरी आणि हाताला मखमलीसारखं. मी आपला कोयता मारला तर तो टण्णकन परत आला, लाकडापेक्षा कडक हो! दुसरा घाव घालणार तेवढ्यात आतून आजींचा आवाज, "अरे मेल्या, हात लावू नकोस, फणसोंबा आहे तो!"

आजी मूळच्या संगमेश्वरकडच्या. आत जाऊन त्यांनी स्टीलच्या डब्यातून एक तुकडा आणला, माहेरून आणलेला, एका बाजूने चंदनाच्या खोडासारखा झिजून सपाट झालेला. कोकणात बाळाची लाळ फार गळत असेल तर हा सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावतात, जुलाबावरही देतात. त्यांनी उगाळूनच दाखवला, तपकिरी गंध तयार झालं. सून मागून डोळे मोठे करत होती कारण घरात सात महिन्यांचं बाळ! मी म्हटलं आजी, दात येताना लाळ गळतेच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप झाडाकडे वळलो.

आता झाडाचं. ही बुरशी वरून काढून काही होत नाही राव, लोकांना वाटतं खरवडलं की संपलं. बाहेर दिसतं ते नुसतं फळ, खरी बुरशी धाग्यांसारखी आत लाकडात पसरलेली असते आणि गाभा कुजवत असते. लाकडी हातोडीने खोड ठोकत गेलो तर एका पट्ट्यात आवाज पोकळ. झाड काढायचं तर महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे, आणि आजी तर काढूच देणार नव्हत्या. शेवटी पाळण्याच्या बाजूला कललेली एक जड फांदी तेवढी उतरवायची ठरली.

त्यांचा नातू इंजिनिअरिंगचा, त्याला मी चहा पिताना सांगत बसलो (मला या विषयाचा नाद आहे, रात्री तेच व्हिडिओ बघतो). आल्प्समध्ये १९९१ ला बर्फात सापडलेला तो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, त्याच्याजवळ झाडावरच्या अशाच बुरशीचे तुकडे होते, त्यातली एक जात ठिणगी धरून ठेवणारी. आपल्याकडे चकमकीखाली कापूस धरायचे तसंच. रोमानियात तिच बुरशी कुटून चामड्यासारखी करतात आणि टोप्या शिवतात. आणि आता तर तिकडे शेतातल्या भुश्शात बुरशीचे धागे साच्यात वाढवून थर्माकोलऐवजी पॅकिंग करतात. नातू लगेच म्हणाला, मग आपल्या द्राक्षांच्या पेट्यांना चालेल का? प्रश्न बरोबर होता पण द्राक्षाला गारवा आणि ओल, तिथे ते किती टिकेल कोण जाणे.

एवढ्यात माझा हेल्पर कोपऱ्यात तंबाखू मळत होता. मी सहज बोलून गेलो की अलास्कातले लोक फणसोंब्याच्या भावकीतली एक बुरशी जाळून तिची राख तंबाखूत घालतात, आपण चुना घालतो ना, काम तेच, तंबाखू जास्त चढते. पठ्ठ्या ताडकन उठला आणि फणसाकडे बघायला लागला.

फांदी उतरवून निघताना आजींनी त्याच्या खिशाची झडती घेतली. अंगठ्याएवढा तुकडा निघाला.