साबणवाले म्हणून हिणवलं, तरी आम्ही टिकलो: कुपवाडच्या शेडची वाटचाल

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आम्ही सेल्युलेज, म्हणजे कापसातलं सेल्युलोज तोडणारं एन्झाइम, बनवतो. बुरशी ट्रायकोडर्मा रीसी, कच्चा माल गव्हाचा कोंडा आणि साखर कारखान्याचा बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड. गिऱ्हाईक मुख्यतः इचलकरंजीची प्रोसेस हाऊसं, म्हणजे कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने. सुती कापडावरची लव काढायला त्यांना हे एन्झाइम लागतं. सुरुवातीची वर्षं ठीक गेली.

बुरशी एन्झाइम भरपूर बनवते, पण सगळं हाती लागत नाही. काही तंतूंनाच धरून राहतं, काही कोंड्यातल्या लिग्निनला, म्हणजे लाकडासारख्या कठीण भागाला, चिकटतं. त्यासाठी बुरशीच्या खाद्यात ट्वीन ८० हे सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं पृष्ठताण कमी करणारं रसायन, घालायची पद्धत जुनीच आहे. आम्ही त्याच्या जागी रॅम्नोलिपिड आणलं. हे जिवाणूंनी बनवलेलं सर्फॅक्टंट, म्हणजे बायोसर्फॅक्टंट. त्यानं पेशीचं आवरण जरा सैल होतं, एन्झाइम बाहेर पडतं, ट्रेमधला कोंडा कोपऱ्यापर्यंत सारखा भिजतो.

पृष्ठताण मोजायचं यंत्र आम्ही सेकंडहँड घेतलं. त्याची प्लॅटिनमची कडी दर वेळी ज्योतीत लाल करून मगच द्रवात सोडायची, बोट लावायचं नाही. शुद्ध पाण्याला २५ अंशांवर ७२ (मिलिन्यूटन प्रति मीटर) आकडा येतो, थोडंसं रॅम्नोलिपिड पडलं की तिशीच्या आसपास उतरतो. खरी परीक्षा मात्र डीएनएसची, म्हणजे एन्झाइमनं कागदातून सोडवलेल्या साखरेनं रंग बदलणाऱ्या रसायनाची. फिल्टर पेपरची १ बाय ६ सेंटिमीटरची पट्टी, ५० अंश, एक तास, मग डीएनएस घालून उकळायचं. साध्या ट्रेची नळी फिकट नारिंगी राहिली आणि शेजारची, रॅम्नोलिपिडच्या ट्रेची, गडद विटकरी झाली, तेव्हा कलरीमीटर लावायच्या आधीच आम्हाला कळलं होतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली पाण्याखाली गेली. आमचं शेड उंचावर, आत पाणी आलं नाही. पण वीज गेली. बुरशी वाढताना ट्रे आतून तापतात. कूलिंग बंद पडलं आणि भरलेले सगळे ट्रे वाया गेले. रस्ते बंद, तयार माल पडून, बँकेचा हप्ता डोक्यावर.

नेमक्या त्याच वेळी एका मोठ्या पुरवठादारानं बाजारात उठवलं, की कुपवाडवाले एन्झाइममध्ये साबण मिसळतात, तुमच्या कापडावर डाग पडतील. दर पाडून माल दिला आणि आमची गिऱ्हाईकं एकेक करून नेली. अहो, प्रोसेस हाऊसच्या बाथमध्ये मालक स्वतः वेटिंग एजंट, म्हणजे कापड लवकर भिजवणारं सर्फॅक्टंट, ओततात! तिथं आमच्या मालातल्या इवल्याशा अंशानं डाग कसा पडेल? हा प्रश्न त्या सेल्समनला कुणी विचारला नाही. त्याचा राग आजही गेलेला नाही.

विचारलं ते एकट्या आण्णांनी. इचलकरंजीत त्यांचं छोटं प्रोसेस हाऊस आहे. ते शेडवर आले, दोन्ही ट्रेंचा अर्क मागून घेतला, आपल्या मशीनवर एकाच ताग्याचे दोन तुकडे चालवले. कापड उजेडाकडे धरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “माल पाठवत राहा. ॲडव्हान्स उद्या देतो.” त्या पैशांवर शेड पुन्हा चालू झालं. आज आमच्याकडे मोठी गिऱ्हाईकं आहेत, तरी आण्णांचा ड्रम आधी भरतो.

या धंद्यात उतरणाऱ्या पोरांना सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. रॅम्नोलिपिड स्वस्तात पडावं म्हणून शेडमध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा वाढवू नका. तो जखमांत आणि फुप्फुसात संसर्ग करणारा जिवाणू आहे, शुद्ध केलेला माल विकतच घ्या. जास्त घातलं की जास्त मिळेल, हेही डोक्यातून काढा, प्रमाण चुकलं तर बुरशीच खुंटते. ढवळणाऱ्या टाकीत फेस वर चढून एअर फिल्टर भिजवतो. ट्रेमध्ये ती कटकट नाही, म्हणून आम्ही ट्रे सोडले नाहीत. आणि बिनसर्फॅक्टंटचा एक ट्रे प्रत्येक बॅचला शेजारी ठेवाच, गिऱ्हाईकाला दाखवायला तोच उपयोगी पडतो.

त्याच पुरवठादाराच्या नव्या माहितीपत्रकात आता ‘बायोसर्फॅक्टंटयुक्त प्रक्रिया’ असं ठळक छापलंय. आण्णांनी त्याचा फोटो पाठवला. मी प्रिंट काढून यंत्राच्या वर चिकटवलाय.