फुलीच्या आधी

सोमवार, रात्र

सराव पाठांचा आज तिसरा दिवस. यवतमाळ जिल्ह्यातली दोनशिक्षकी शाळा, चौथीचा वर्ग, गणित. कापसाची वेचणी जोरात आहे, त्यामुळे पटावरची बरीच मुलं आलीच नव्हती. मी ज्यांना शिकवते त्यातल्याच एका छात्राध्यापकाचं, म्हणजे शिकाऊ शिक्षकाचं, पाठटाचण (पाठाचा लेखी आराखडा) मात्र अध्ययन निष्पत्तीपासून गृहपाठापर्यंत भरलेलं.

फळ्यावर ४३ वजा १८. मागच्या रांगेतल्या एका मुलीचं उत्तर आलं ३५. त्यानं लाल फुली मारली आणि पुढच्या वहीकडे वळला. मी तिच्याजवळ खाली बसले. कसं केलं गं?

"तीनातून आठ जात नाही ना मॅडम, मंग आठातून तीन काढले."

म्हणजे तिनं काहीबाही लिहिलेलं नव्हतं. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा पहिली-दुसरीत ऐकलेला नियम ती इमानानं पाळत होती.

मग विचारलं, मायनं ४३ किलो कापूस वेचला अन् तू १८, तर मायचा किती जास्त? तिनं पेन्सिल उचललीही नाही. "अठराचे वीस कराले दोन, विसाचे चाळीस कराले वीस, अन् वरचे तीन. पंचवीस." सुटीच्या दिवशी मायसोबत वावरात जाते, संध्याकाळी काट्यापाशी उभी असते. तिथं शिकली ती हे.

शेजारच्या वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, पुढे झाकीर हुसेन समितीनं नयी तालीम या शिक्षणपद्धतीचा आराखडा केला: मातृभाषा, हाताचं काम, त्यातूनच गणित. दरवर्षी शिकवते मी हे. परीक्षेत तारखा विचारते. आणि पाठ पाहायला गेले की टाचण सोडून मुलांच्या मागे गेलेल्यांचे गुण कापते. किती जणांचे कापले असतील! आज त्यांचे चेहरे आठवत राहिले. फुली मारायची घाई या पोराला आम्हीच लावली.

पाठानंतर व्हरांड्यात त्याला त्या मुलीचा हिशेब सांगितला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, मंग टाचणात काय लिहू?"

म्हटलं, अर्धं पान कोरं ठेव. मुलं काय उत्तर देतात आणि ते का देतात, ते पाठ झाल्यावर तिथं लिही. मी आधी तेच वाचीन.

उद्या दुसऱ्या तासाला त्याचा पाठ आहे. गावातल्या दुकानातून तराजू मागून आणतो म्हणाला.