चिऱ्याच्या घरातले वायफाय

कोकणातल्या जुन्या घरात वायफाय सगळीकडे पोहोचत नाही याचे खापर बहुतेक लोक राऊटरवर फोडतात; माझ्या मते दोष असतो तो राऊटरच्या जागेचा. फायबरची तार खांबावरून येते ती थेट ओटीवर, आणि जोडणी करायला आलेला मुलगा राऊटरही तिथेच, विजेच्या मीटरशेजारी, खिळ्याला टांगून निघून जातो. मग खळ्यातल्या माडांना आणि गडग्यापलीकडच्या पाणंदीला उत्तम इंटरनेट मिळते, आणि माजघर ओलांडून स्वयंपाकघरात शिरावे तर वहिनींच्या फोनवर नुसते वर्तुळ फिरत राहते.

रत्नागिरीकडच्या आमच्या घराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत, चांगल्या दीड फूट जाडीच्या. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, आणि ओली भिंत वायफायच्या लहरींना कोरड्या भिंतीपेक्षा अधिक अडवते. आषाढात मागच्या पडवीत फोनवरचे चित्र वैशाखाइतके नीट दिसत नाही, अशी आईची तक्रार असते. ती मी तरी उडवून लावत नाही.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात अदृश्य लहरी भिंतीपार पाठवून घंटा वाजवून दाखवली होती, तेव्हा भिंत ओलांडणे अशक्य नाही हे जुनेच ज्ञान आहे. प्रश्न पलीकडे किती उरते एवढाच. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते आणि ती भिंतीतून बऱ्यापैकी निभावते, तर ५ गिगाहर्ट्‌झची लहर त्याच्या निम्म्याहूनही आखूड, माहिती वेगाने नेणारी, पण जाड भिंतीपुढे लवकर हार मानणारी. मुंबईच्या इमारतीत २.४ वर शेजाऱ्यांची एवढी दाटी असते की एकमेकांत न मिसळणारे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल कोणालाच पुरत नाहीत. आमच्या वाडीत शेजारचा राऊटर कलमांच्या बागेपलीकडे असल्याने ती अडचण नाही. आमची भांडणे घरातल्या घरातच.

सिग्नल मोजणारे ॲप फोनवर घेऊन घरभर हिंडणे हा एक करमणुकीचा उद्योग आहे. ओटीवर उणे ५० आणि चुलीपाशी उणे ८० असे आकडे आले, तर फरक तीसचा वाटतो. पण हे माप डेसिबलचे, दर दहाला दहापट; प्रत्यक्षात शक्ती हजार पटींनी घटलेली असते. हे पाहून पुतण्याने चार मोठ्या अँटेनांचा राऊटर मागवण्याचा ठराव मांडला. पण ओटीवरून कोणी कितीही मोठ्याने हाक मारली, तरी मागीलदारी असलेल्या माणसाचा आवाज बारीक असेल तर त्याची ओ ओटीवर ऐकू येणार नाही, आणि फोनचा आवाज नेहमीच बारीक असतो.

त्यापेक्षा राऊटर माळ्यावर, घराच्या मध्यावर नेणे फलदायी ठरले, कारण लाकडी फळ्या चिऱ्याच्या मानाने पुष्कळच उदार असतात. अँटेनेची दांडी उभी असली की लहरी आडव्या पसरतात आणि नेमक्या खाली कमी उतरतात, म्हणून एक दांडी आडवी करावी लागली. मागच्या पडवीसाठी मात्र वाशांच्या कडेने कॅट ६ ची, म्हणजे नेटवर्कची तांब्याची, तार नेऊन टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेतून आलेले इंटरनेट वायफायने पसरवणारे यंत्र, बसवला. अशी तार १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. स्वस्तातला रिपीटर मला पसंत नाही; तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो, आणि लोक तो नेमका जिथे सिग्नल मेलेला आहे तिथेच लावतात.

यानंतरही फोन मागच्या पडवीत जाऊन माळ्यावरच्या राऊटरलाच चिकटून बसत असे. त्यावरचा उपाय ऐकणाऱ्याला उफराटा वाटतो: राऊटरची प्रक्षेपणशक्ती थोडी कमी करायची, म्हणजे फोन वेळेवर जवळचा आधार शोधतो.

आता पुतण्याला गोठ्यापर्यंत इंटरनेट हवे आहे. उघड्यावरून तांब्याची तार नेली तर विजांच्या पावसात दोन्ही टोकांची यंत्रे जळू शकतात, म्हणून तिथे फायबरच घालावी लागेल, हे मी काकांना समजावून सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि गोठ्यात इंटरनेट नेमके कोणाला लागते, असे विचारले. पुतण्याने अद्याप उत्तर दिलेले नाही.