विद्यार्थी-दराचं तिकीट: दक्षिण यॉर्कशायरमधला माझा अनुभव

दक्षिण यॉर्कशायर हा इंग्लंडचा तसा लहान भाग, पण फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळणारे पाच क्लब इथे आहेत: शेफील्डचे दोन, शिवाय बार्न्सली, रॉदरहॅम आणि डॉनकास्टर. त्यातल्या कोणत्या क्लबच्या तिकिटाची ही हकिकत आहे ते सांगत नाही. मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे एवढी अक्कल घरातूनच मिळालेली. आमचे एक काका पाटाकडील तालमीचे, दुसरे शिवाजी तरुण मंडळाचे, दोन्ही तिथले फुटबॉल संघ. शाहू स्टेडियमवर दोघे एकमेकांपासून लांब बसतात आणि सामना असेल त्या रात्री घरात जेवणाच्या दोन पंगती होतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये मास्टर्ससाठी शेफील्डला आलो. जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब याच शहरातला, १८५७ सालचा शेफील्ड एफसी. तो आता फार खालच्या पातळीवर खेळतो, पण शहराला त्याचा अभिमान आहे. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या आठवड्यात पिझ्झाच्या कूपनांसोबत कुणीतरी फुटबॉलचं पत्रक हातात दिलं: विद्यार्थ्यांना तिकीट दहा पौंड. त्याच स्टँडचं मोठ्यांचं तिकीट अठ्ठावीस. हे पत्रक मात्र मी फेकलं नाही.

क्लबच्या तिकिटांच्या साइटवर खातं उघडलं की ग्राहक क्रमांक मिळतो आणि जन्मतारखेवरून तुमचा गट आपोआप ठरतो: लहान मुलं, १८ ते २१ चे तरुण, प्रौढ, ६५ च्या पुढचे. माझं वय सव्वीस. साइटने मला सरळ प्रौढांत टाकलं आणि 'विद्यार्थी' हा पर्यायच दाखवला नाही. पत्रकावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की २१ वर्षांवरच्या विद्यार्थ्यांनी पूर्णवेळ शिकत असल्याचा पुरावा तिकीट ऑफिसला पाठवावा. ओळखपत्राचा फोटो पाठवला. उत्तर आलं, कार्डावर तुम्ही पूर्णवेळ आहात की अर्धवेळ हे लिहिलेलं नाही. खरंच नव्हतं.

इथे उपयोगी पडलं ते कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या स्थानिक कराचं, पत्र. इंग्लंडमध्ये घरात राहणारे सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर त्या घराला कौन्सिल टॅक्स माफ असतो, आणि त्यासाठी युनिव्हर्सिटी एक पत्र देते. त्यात अभ्यासक्रम कधी सुरू झाला, कधी संपणार आणि तो पूर्णवेळ आहे, हे स्वच्छ लिहिलेलं असतं. स्टुडंट पोर्टलवरून ते पाच मिनिटांत उतरवता येतं. आमच्या फ्लॅटमधल्या सगळ्यांनी ते टॅक्ससाठी घेतलंच होतं, फुटबॉलसाठी वापरणारा मी पहिला.

पत्र पाठवलं तर नावाचा घोळ निघाला. पासपोर्टवर माझं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. युनिव्हर्सिटीने पहिली दोन एकत्र छापलेली. तिकिटांच्या खात्यावर मी फक्त माझं नाव आणि आडनाव भरलेलं. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ही दोन माणसं. ईमेलवर हे समजावून सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून स्वतः गेलो. खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट, कार्ड आणि पत्र शेजारी शेजारी मांडलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "मग हे मधले गृहस्थ कोण, लव्ह?" वडील, म्हटलं. "त्यांनाही तिकीट हवंय का?" इथे बाजारात, बसमध्ये, बँकेत कुणीही कुणालाही लव्ह म्हणतं. दोन मिनिटांत खात्यावर 'विद्यार्थी' असा शिक्का पडला, मुदत अभ्यासक्रमाच्या शेवटच्या तारखेपर्यंत.

त्यानंतर खाचाखोचा कळत गेल्या. दहा पौंडांचं तिकीट प्रत्येक सामन्याला नसतं. आठवड्याच्या मधल्या रात्री आणि ज्याला फार गर्दी नाही अशा सामन्यांना ते मिळतं. शेजारच्या गावचा संघ आला तर मिळत नाही. एका खात्यावर एकच. जागा ठरावीक ब्लॉकमध्ये, कोपऱ्याच्या निशाणाजवळ. तिकीट फोनमध्ये येतं, फाटकावर फोन टेकवला की लोखंडी अडसर फिरतो आणि सवलतीचं तिकीट असेल तर वेगळ्या रंगाचा दिवा लागतो. दिवा लागला की तिथे उभा असलेला स्टुअर्ड, म्हणजे मैदानाचा कर्मचारी, कार्ड मागतो. आमच्या मराठी ग्रुपवर एकाने लगेच सुचवलं की विद्यार्थ्यांच्या नावावर तिकिटं काढायची आणि नोकरीवाल्यांनी जायचं, वर थोडे पैसे सुटले तर उत्तम. त्याला दिव्याचं सांगितलं. शिवाय इथे फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा फौजदारी गुन्हा आहे, १९९४ च्या कायद्याने. दोन्ही बाजूंचे प्रेक्षक वेगवेगळे बसवायचे असतात, त्यात कुणाचं तिकीट कुणाकडे जातंय याची पोलिसांना फार काळजी. क्रिकेटच्या तिकिटाला हा नियम लागत नाही, यातच काय ते समजा.

लायब्ररीतून थेट जाणाऱ्यांसाठी आणखी एक: ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. लॅपटॉपची सॅक घेऊन जाऊ नका.

पहिला सामना नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, रात्री पावणेआठचा. थंडीचं वर्णन करत नाही. विद्यार्थ्यांचा ब्लॉक संपतो तिथून जुन्या सीझन तिकीटवाल्यांच्या रांगा सुरू होतात आणि माझी खुर्ची नेमकी त्या सीमेवर. डावीकडे पहिल्या वर्षाची पोरं, फोन वर करून. उजवीकडे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा, गळ्यात विटलेला मफलर, मांडीवर थर्मास. त्यांच्या पलीकडे त्यांच्याच वयाची एक बाई, जी पंचांना नावानिशी शिव्या घालत होती. नावं ती सामन्याच्या पत्रिकेतून पाठ करून येते, हे नंतर कळलं.

विद्यार्थ्यांबद्दल या रांगांचं मत काय ते पहिल्या अर्ध्या तासात ऐकायला मिळालं. पोरं उशिरा आली, सगळ्यांना उठवत आत शिरली. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या सामन्याला मैदान दिसेल अशा ठिकाणी बिअर पिता येत नाही, १९८५ चा कायदा आहे. त्यामुळे मध्यंतराच्या आधीच ती पुन्हा सगळ्यांना उठवत खाली बारकडे गेली. मागचा माणूस म्हणाला, "दहा पौंडांत आलेत, दहा मिनिटं बघतील." तो कुणाला उद्देशून बोलला हे विचारायची गरज नव्हती. पंचांवाली बाई मात्र मागे वळून म्हणाली, "गेल्या वर्षी इथे रिकाम्या खुर्च्या होत्या, त्या काय गाणी म्हणत होत्या का?" हा वाद त्यांच्यात हंगामभर चालू राहिला.

आजोबा त्यात पडले नाहीत. पुढच्या एका सामन्याला मी पुन्हा तिथलंच तिकीट काढलं तेव्हा त्यांनी थर्मासमधला चहा पुढे केला आणि मी कुठला, काय शिकतो, पैसे कुठून येतात, अशी चौकशी केली. कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत आणि पेठाच्या पेठा सामन्याला लोटतात, हे ऐकून त्यांना माझ्याविषयी जरा बरं वाटू लागलं. मग मी आठवड्यात किती तास काम करतो ते विचारलं. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना वीसच तास करता येतं. मी एका हॉटेलच्या किचनमध्ये भांडी आणि भाजी. दर? ११ पौंड ४४ पेन्स, २१ आणि त्यापुढच्या वयाच्यांचं त्या वर्षीचं किमान वेतन.

आजोबांनी मान डोलावली आणि नातवाचं सांगितलं. बावीस वर्षांचा. इकडेतिकडे नोकऱ्या करून त्याच शरद ऋतूत वेल्डिंगची अप्रेंटिसशिप धरली. पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसला त्या वेळी किमान वेतन होतं तासाला ६ पौंड ४०. तरुणांचा दर २१ पर्यंतच, म्हणून क्लबच्या हिशेबात तो प्रौढ. एका सामन्यासाठी त्याला चार तासांहून जास्त राबावं लागतं, आणि माझं तिकीट एका तासाच्या आतच फिटतं. "सहा वर्षांचा असल्यापासून येतो तो," आजोबा म्हणाले. "तुझी तक्रार नाही. तुला देतायत, तू घे. पण त्याने कुठलं पत्र आणायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. माझी सवलत काही फुटबॉलच्या प्रेमापोटी मिळालेली नव्हती. मंगळवारच्या रिकाम्या खुर्च्या भरायच्या होत्या आणि युनिव्हर्सिटीत पत्रकं वाटणं सोपं होतं. अप्रेंटिस पोरं एका ठिकाणी सापडत नाहीत, वर्कशॉप-वर्कशॉपमध्ये विखुरलेली. आणि क्लबला हेही माहीत आहे की हा नातू अठ्ठावीस देऊनसुद्धा येणारच. निष्ठावान माणसाला सूट कशाला द्यायची, हा दुकानदारी विचार आहे, आणि तो जगभर चालतो. आपल्याकडे मोबाइल कंपन्या नव्या ग्राहकाला स्वस्त प्लॅन देतात आणि जुना बघत बसतो, तसंच.

इंग्लंडमध्ये तिकिटांवरून चाहते रस्त्यावर येतात, त्याला इतिहास आहे. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी चेंगराचेंगरी झाली. त्यात लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचा जीव गेला. त्यानंतर चौकशी करणाऱ्या न्यायाधीश टेलर यांच्या अहवालाने मोठ्या मैदानांवर उभं राहून पाहण्याच्या जागा बंद करून खुर्च्या बसवायला सांगितल्या. खुर्च्या आल्या म्हणून भाव फार वाढायला नकोत, असंही टेलर यांनी लिहिलं होतं. आजोबांना ते पक्कं आठवतं, कारण भाव वाढले. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं तेव्हा हजारो प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला उठून गेले आणि क्लबला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या चाहत्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घातली. मी तिथे असताना, २०२४ च्या अखेरीस, मँचेस्टर युनायटेडने उरलेल्या तिकिटांना सरसकट ६६ पौंड लावले, मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही सवलत नाही. आमच्या रांगेत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. विद्यार्थ्यांवर कायम करवादणारा मागचा माणूसही म्हणाला, "तिकडे सवलती काढतायत, इकडे निदान देतायत."

वसंतात क्लबची चाहत्यांसोबत बैठक होती. आजोबांनी मला चलच म्हटलं. त्यांचा हिशेब असा की अप्रेंटिसांबद्दल त्यांनी बोललं तर नातवासाठी बोलतात असं होईल, पण सवलत घेणाऱ्यानेच उठून मागितलं तर ऐकतील. मी उठलो आणि दोन वेतनांचे आणि दोन तिकिटांचे आकडे सांगितले, बाकी काही नाही. क्लबचे प्रतिनिधी म्हणाले की पूर्णवेळ शिक्षणाचा पुरावा तपासता येतो, अप्रेंटिसचा तपासणं अवघड. त्यावर पंचांवाली बाई उभी राहिली. रेल्वेला कसं जमतं, तिने विचारलं. रेलकार्ड, म्हणजे रेल्वेचं सवलतीचं कार्ड, १६ ते २५ वर्षांच्या सगळ्यांना मिळतं, २६ ते ३० चं वेगळं आहे, दोन्हींवर तिकिटाला एक तृतीयांश सूट, आणि रेल्वे कुणालाच विचारत नाही की तू कॉलेजात जातोस की कारखान्यात. टाळ्या पडल्या. मग एकाने उठून सांगितलं की सवलती बंदच करा आणि सगळ्यांचं तिकीट वीस पौंड करा. त्यालाही टाळ्या पडल्या, बहुतेक त्याच हातांनी. आणखी एकाचा मुद्दा मला जास्त टोचला: क्लबच्या खात्यावर खरेदीची नोंद राहते, मोठ्या सामन्याची तिकिटं त्या नोंदीनुसार आधी मिळतात, आणि दहा पौंडांचं तिकीटही तिथे पूर्ण मोजलं जातं. म्हणजे मंगळवारी तीनचारदा येऊन गेलेला विद्यार्थी कपच्या सामन्याला एखाद्या म्हाताऱ्याच्या पुढे. हे मला माहीतही नव्हतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं असं मला वाटतं, आणि त्या वर्षी ती वेळ आली नाही हे बरं झालं.

नव्या हंगामाचं दरपत्रक आलं त्यात अप्रेंटिसचा रकाना नव्हता. पण तरुणांच्या गटाची वयोमर्यादा २१ वरून २३ झाली होती. बैठकीमुळे की आधीच ठरलं होतं, कुणास ठाऊक. आजोबांच्या मते बैठकीमुळे, मागच्या माणसाच्या मते तसं मुळीच नाही. नातू एका वर्षापुरता बसला त्यात. त्याच्या बरोबरीचा चोवीस वर्षांचा दुसरा अप्रेंटिस मात्र बाहेरच राहिला.

माझा विद्यार्थी-शिक्का सप्टेंबर २०२५ मध्ये अभ्यासक्रमाबरोबर गळाला. हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, त्यामुळे पहिले काही सामने जुन्या दरात मिळाले. मास्टर्सवाल्यांनी ही फट लक्षात ठेवावी, बहुतेकांना ती माहीत नसते. आता मी ग्रॅज्युएट व्हिसावर नोकरी करतो आणि अठ्ठावीस पौंड देतो, दर सामन्याला नाही, परवडेल तसं. पूर्ण दराचं तिकीट असलं तर फाटकावर दिवा लागत नाही आणि कार्ड कुणी मागत नाही. यंदा सप्टेंबरात कोल्हापूर-सांगलीकडची काही पोरं नव्याने आली, त्यांना मी कौन्सिल टॅक्सचं पत्र कुठून उतरवायचं ते दाखवलं आणि खात्यावर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव भरायला सांगितलं. आजोबांनी त्यांच्यासाठी एक निरोप दिलाय: बारला जायचं तर खेळ थांबलेला असताना उठा.