टाकी रिकामी झाली
आज क्लाउनफिशची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांची, जोडी निपाणीच्या दोस्ताकडं पोचवून आलो. टिळकवाडीतलं घर सोडाय लागलंय, नव्या जागेत टाकी बसत नाही, आणि लाईट गेली की पंप बंद, मग रात्रभर जागा कोण तर मीच. काल मुद्दाम खायला घातलं नाही, पिशवीतलं पाणी घाण व्हायला नको म्हणून. दोस्त लगेच टाकीत सोडाय निघालेला, म्हटलं थांब रे बाबा, आधी क्षार बघ! खारेपणा मोजायचा आकडा (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) माझ्या पाण्याचा १.०२५, त्याच्या १.०२२. मग मासे हळूहळू रुळावेत म्हणून बारीक नळीनं त्याच्या टाकीतलं पाणी थेंब थेंब माशांच्या पाण्यात सोडत तासभर बसलो, दोन चहा झाले. मोठी ती मादी, ती मेली तर नरच मादी होतो म्हटल्यावर वहिनी हसतच सुटल्या. येताना बसमध्ये थर्माकोलचा रिकामा डबा उगाच मांडीवर धरून बसलेलो.